खमिराच्या पेशीचा पडदा : बेकरीपासून औषधाच्या दुकानापर्यंत

उर्दू शाळेत आम्ही ज्याला खमीर म्हणायला शिकलो, त्यालाच बेकरीवाले यीस्ट म्हणतात आणि मराठी पुस्तकांत त्यासाठी किण्व हा शब्द आढळतो. वस्तू एकच. व्यापाराच्या पानावर ह्या विषयाचे काय काम, असा प्रश्न वाचक बंधूंना पडणे साहजिक आहे. पण पावाचा धंदा, औषधांची घाऊक व किरकोळ विक्री आणि साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, ह्या तिन्ही ठिकाणी बराच पैसा एका अतिशय पातळ वस्तूवर अवलंबून असतो. ती वस्तू म्हणजे खमिराच्या पेशीभोवतालचा पडदा. ह्यापैकी पहिले दोन धंदे आपल्या समाजातील हजारो कुटुंबे करतात. माल कशाचा बनला आहे हे विकणाऱ्याला माहीत असावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा अभ्यास वाचकांपुढे ठेवत आहोत.

प्रथम मोजमाप. खमिराची एक पेशी साधारण पाच मायक्रॉन व्यासाची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कापसाचा एक तंतू ह्यापेक्षा तीन-चार पट जाड असतो. बेकरीत ओल्या खमिराची जी वडी येते, तिच्या एका ग्रॅममध्ये सुमारे एक हजार कोटी पेशी असतात. प्रत्येक पेशीला बाहेरून एक जाड भिंत असते आणि भिंतीच्या आत पडदा. ह्या दोहोंत गल्लत करू नये. भिंत म्हणजे गासडीवरचे गोणपाट. ती आकार सांभाळते, पण पाणी, साखर, क्षार तिच्यातून सहज जातात. आत काय घ्यायचे आणि बाहेर काय जाऊ द्यायचे ह्याचा निर्णय पडदा करतो. त्याची जाडी फक्त सात नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरच्या जाडीत असे लाखभर पडदे एकावर एक रचले तरी जागा उरेल.

हा पडदा विणलेला नाही. त्याला ताणा नाही आणि बाणाही नाही. तो चरबीच्या बारीक कणांचा बनलेला आहे. प्रत्येक कणाला एक डोके आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना आवडत नाही. असे असंख्य कण पाण्यात सोडले की ते आपोआप दोन थर करून उभे राहतात, डोकी बाहेर आणि शेपट्या आत. गॉर्टर आणि ग्रेंडेल ह्या दोन डच संशोधकांनी १९२५ साली रक्तातील लाल पेशींची चरबी काढून पाण्यावर पसरली आणि तिचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरते असे दाखवले. त्यावरून दोन थरांची कल्पना पुढे आली. १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन ह्यांनी सांगितले की हे थर घट्ट नसून वाहते आहेत आणि त्यात प्रथिने तरंगत असतात. ही प्रथिने म्हणजे नाक्यावरची माणसे. कोणी साखर आत घेतो, कोणी आम्लाचे कण बाहेर फेकतो. बाहेर फेकणाऱ्या एका पंपाचे नाव पीएमए-१ आहे आणि पेशीने कमावलेल्या शक्तीचा मोठा वाटा त्याच्यावर खर्च होतो. नाका चालवणे कुठेही स्वस्त नसते.

आता पडदा वाहता राहिला पाहिजे, पण फार पातळ होऊनही चालत नाही. ह्याचे गणित घरच्या स्वयंपाकघरात आहे. थंडीत तूप गोठते, करडईचे तेल गोठत नाही. तुपातील बहुतेक मेदाम्लांच्या साखळ्या सरळ असतात, त्यामुळे त्या ताग्यावर तागा रचावा तशा चिकटून बसतात. तेलातील साखळ्यांना वाक असतो, त्या नीट रचल्या जात नाहीत. खमीर आपल्या पडद्यात दोन्ही प्रकार वापरते आणि त्यांचे प्रमाण बदलत राहते. सरळ साखळीला वाक देण्याचे काम त्याच्याकडे एकच विकर म्हणजे एन्झाइम करते. त्याच्या जनुकाला ओएलई-१ असे नाव आहे. दुसरा कारागीर नाही. हा कारागीर बंद पडला तर खमिराला बाहेरून वाक असलेले तेल पुरवावे लागते, नाहीतर ते मरते.

ह्या कारागिराला काम वाढवायचे कधी आणि कमी करायचे कधी, हे कोण सांगते? इथे अल्लाहतआलाच्या कारागिरीपुढे माणूस थक्क होतो. पेशीच्या आतल्या एका पडद्यात एमजीए-२ नावाचे प्रथिन एका टोकाने रोवलेले असते. पडदा घट्ट झाला, शेपट्या दाटीने बसल्या, की त्या दाटीचा दाब ह्या टोकाला कळतो. मग त्या प्रथिनाचा एक तुकडा कापला जाऊन सुटतो, पेशीच्या केंद्रकात जातो आणि ओएलई-१ हे जनुक चालू करतो. नवा, वाकाचा माल तयार होतो आणि पडदा पुन्हा मोकळा होतो. माल हाताने चाचपून त्याचा पोत पाहणारा जुना मुनीम जे काम करतो, तेच हे प्रथिन करते.

ह्याचा बेकरीशी असलेला संबंध आता पाहू. ओल्या वडीत सुमारे सत्तर टक्के पाणी असते. कोरड्या दाणेदार खमिरात सात-आठ टक्के आणि १९७० च्या दशकात बाजारात आलेल्या इन्स्टंट प्रकारात पाच टक्क्यांच्या आसपास. एवढे पाणी काढल्यावर पडद्यातील डोक्यांमधले पाणीही जाते, कण एकमेकांवर दाटतात आणि पडदा गोठल्या तुपासारखा घट्ट होतो. त्याही अवस्थेत पेशी मरत नाही, ह्याचे एक मोठे कारण ट्रेहॅलोज नावाची साखर. ही साखर डोक्यांच्या मध्ये पाण्याची जागा घेऊन बसते आणि पडद्याला तडा जाऊ देत नाही. टीपीएस-१ हे जनुक ती तयार करण्याच्या कामी येते. चांगला कारखाना खमीर वाळवण्याआधी शेवटच्या काही तासांत त्याचा खुराक अशा रीतीने कमी करतो की पेशीने ट्रेहॅलोजचा साठा करावा. दोन कंपन्यांच्या पुड्या दिसायला सारख्या असूनही एकीने पाव फुगतो आणि दुसरीने बसतो, त्याचे कारण पुष्कळदा इथे सापडते.

पाणी परत मिळते तेव्हा खरी परीक्षा. गोठलेला पडदा थंड पाण्यात भिजला तर तो घट्ट अवस्थेतून वाहत्या अवस्थेत जात असतानाच पाणी आत शिरते आणि ह्या घालमेलीत पडदा गळू लागतो. आतला माल बाहेर येतो. त्यात ग्लुटाथायोन नावाचा एक पदार्थ असतो. तो पिठातील ग्लुटेनची पकड सोडवतो. परिणाम दुहेरी होतो. अर्ध्या पेशी कामातून जातात आणि पीठ चिकट व ढिले पडते. बेकरीवाला मैद्याला दोष देतो, मैद्याचा दलाल गिरणीला दोष देतो आणि दोष असतो पाण्याचा. दाणेदार कोरडे खमीर ३८ ते ४३ अंश सेल्सिअसच्या कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे भिजवावे, कारण त्या उष्णतेत पडदा आधीच मोकळा होतो आणि पाणी घेताना फाटत नाही. इन्स्टंट खमीर कोरड्या मैद्यात मिसळावे. उन्हाळ्यात पीठ तापू नये म्हणून बर्फाचे पाणी घालण्याची पद्धत आहे, ती चुकीची नाही. मात्र ते पाणी थेट खमिरावर ओतू नये. आधी खमीर मैद्यात नीट मिसळू द्यावे, मग पाणी घालावे. उघडलेली पुडी दमट हवेत राहिली तर पेशी थोडे थोडे पाणी घेऊन तीच घालमेल पुनःपुन्हा सहन करते. कोकणपट्टीतील पावसाळ्यात ह्याची आठवण ठेवावी.

पावातील खमीर आणि अल्कोहोल ह्यांबद्दल जो मसला नेहमी विचारला जातो, तो उलेमांचा प्रांत आहे. आम्ही त्यात पडत नाही.

आता पडद्यातील दुसरा घटक. सायझिंगमध्ये सुताला खळ देतात, ती नसेल तर मागावर सूत तुटते. पडद्याला अशी खळ देणाऱ्या पदार्थाचे नाव एर्गोस्टेरॉल. तो चरबीच्या शेपट्यांमध्ये शिरून बसतो, पडद्याला फार वाहू देत नाही आणि फार गोठूही देत नाही. माणसाच्या पेशीत हेच काम कोलेस्टेरॉल करते. दोघे चुलत भाऊ आहेत, चेहरा मिळताजुळता पण एक नाही. औषधांचा एक मोठा बाजार ह्या थोड्याशा फरकावर उभा आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

ग्रे कापड प्रोसेस हाऊसमध्ये जाते तेव्हा खळ काढणे, ब्लीच, रंग, छपाई, कॅलेंडर अशी एकामागून एक कामे होतात. एर्गोस्टेरॉलही असेच पंचवीसच्या आसपास टप्प्यांतून तयार होते आणि बहुतेक टप्प्यांच्या जनुकांना ईआरजी आणि पुढे आकडा अशी नावे आहेत. आरंभीच्या एका टप्प्यावरचे विकर माणसातही आहे आणि कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या स्टॅटिन गोळ्या त्यालाच अडवतात. माणसाचे हे जनुक खमिरात घातले तर खमीर त्यावर जगते, इतके ते सारखे आहे. पुढे स्क्वॅलिन तयार होते, मग ईआरजी-१ त्याला प्राणवायू जोडते, ईआरजी-७ त्याचे लॅनोस्टेरॉल करते. इथपर्यंत माणूस आणि खमीर ह्यांचा रस्ता जवळजवळ एक. त्यानंतर ईआरजी-११ आणि पुढची मंडळी काम करतात आणि शेवटी रस्ते वेगळे होतात.

एक एर्गोस्टेरॉल बनवण्यास प्राणवायूचे बारा रेणू लागतात. हवा नसेल तर खमीर ही खळ करू शकत नाही आणि ओएलई-१ लाही हवा लागते, म्हणजे वाकाचा मालही बंद. अँड्रियासन आणि स्टिअर ह्या संशोधकांनी १९५३-५४ साली दाखवले की हवेविना वाढणाऱ्या खमिराला बाहेरून एर्गोस्टेरॉल आणि ओलिक आम्ल द्यावे लागते. म्हणूनच कारखान्यात खमीर वाढवताना टाक्यांत हवेचा सतत मारा करतात. आणखी एक गंमत अशी की हवा असताना खमीर बाहेरचे स्टेरॉल घेतच नाही. हवा संपली की मगच दार उघडते. यूपीसी-२ नावाचे प्रथिन ह्या साठ्यावर नजर ठेवते. साठा भरलेला असेल तर एर्गोस्टेरॉल स्वतः त्याला चिकटून त्याला बसवून ठेवते. साठा उतरला की ते मोकळे होऊन केंद्रकात जाते आणि ईआरजी जनुके चालू करते. डिस्टिलरीतील अल्कोहोल पडद्यात शिरून त्याला गळका करते आणि ज्या खमिरात ही खळ व ओलिक आम्ल पुरेसे असते ते अधिक टिकते. २०१४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील संशोधकांनी नुसते पोटॅशियम वाढवून आणि आम्लता कमी करून खमिराची अल्कोहोल सहन करण्याची ताकद वाढवून दाखवली. पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल बनवणाऱ्यांसाठी ही कामाची माहिती आहे. आम्ही ती इंधनापुरतीच देत आहोत.

ही जनुके सापडली कशी? खमिराची पेशी गुणसूत्रांच्या एकाच संचावरही जगते, त्यामुळे एखादे जनुक बिघडले की तो बिघाड झाकला जात नाही, लगेच दिसतो. १९९६ साली तिच्या सोळा गुणसूत्रांवरील सुमारे १ कोटी २० लाख अक्षरांची संपूर्ण यादी वाचून झाली आणि जवळपास सहा हजार जनुके मोजली गेली. केंद्रक असलेल्या सजीवांत असा मान प्रथम खमिरालाच मिळाला. पण त्याच्या कितीतरी आधी संशोधकांनी साधी युक्ती केली होती. निस्टॅटिन हे औषध एर्गोस्टेरॉलला चिकटून पडद्याचे नुकसान करते. ते घातलेल्या ताटलीत ज्या थोड्या पेशी वाचल्या, त्यांच्यात एर्गोस्टेरॉलच नव्हते! कुठला टप्पा बिघडला ते शोधत शोधत साखळीतील कित्येक जनुके हाती लागली.

निस्टॅटिन १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन ह्या दोन स्त्रियांनी शोधले. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत, आणि मातीचे नमुने टपालाने ये-जा करीत. न्यूयॉर्क स्टेटवरून औषधाला नाव दिले. रॉयल्टीची मोठी रक्कम दोघींनी स्वतःकडे न ठेवता संशोधनाच्या कामाला दिली. त्याच घराण्यातील अँफोटेरिसिन-बी हे दुसरे औषध. माणसाचे कोलेस्टेरॉल वेगळे असले तरी अगदीच वेगळे नाही, म्हणून ह्या औषधाचा मूत्रपिंडाला त्रास होतो. तो कमी करण्यासाठी औषध चरबीच्याच बारीक गोळीत गुंडाळून देतात, त्याला लिपोसोमल म्हणतात. मे २०२१ मध्ये कोरोनानंतरच्या काळ्या बुरशीच्या वेळी हेच इंजेक्शन मिळेनासे झाले होते आणि लोक शहरोशहर फिरत होते, ते वाचकांच्या स्मरणात असेलच.

दुसरे घराणे फ्लुकोनॅझोलचे. १९९० साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते ईआरजी-११ ला अडवते. मजा अशी की नुसती खळ कमी पडल्याने बुरशीचे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान अर्धवट मालामुळे होते. ईआरजी-११ अडल्यावर अडकलेला माल ईआरजी-३ च्या हाती पडतो आणि ते त्याचे विषारी स्टेरॉल करून ठेवते. म्हणून ज्या बुरशीत ईआरजी-३ बिघडलेले असते, ती ह्या औषधाला दाद देत नाही. कँडिडा ऑरिस ही रुग्णालयांत पसरणारी खमिराची जात २००९ साली जपानमध्ये प्रथम नोंदवली गेली, नंतर भारतातही सापडली. तिच्या ईआरजी-११ मध्ये एका अक्षराचे बदल होऊन फ्लुकोनॅझोल निकामी झाल्याचे आढळले आहे.

तिसरे औषध टर्बिनाफिन, ईआरजी-१ ला अडवणारे. गजकर्णासाठी मेडिकलच्या काउंटरवर सर्वाधिक मागितल्या जाणाऱ्यांपैकी हे एक. गजकर्णाची बुरशी खमीर नाही, पण तिच्या पडद्याची खळ तीच आणि रस्ताही तोच. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात गजकर्ण महिनोन्‌महिने बरे होत नाही, घरातील सर्वांना लागते, अशी तक्रार सर्वत्र आहे. ह्या हट्टी बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले. त्या नावात आपल्या देशाचे नाव आहे, ही अभिमानाची बाब खचितच नाही. तिच्यातील ईआरजी-१ च्या जोडीचे जे प्रथिन आहे, त्यातील ३९७ क्रमांकाची एकच कडी बदलली की टर्बिनाफिन त्याला नीट चिकटत नाही.

ह्याला हातभार लावणाऱ्या वस्तू आपल्याच बाजारात विकल्या जातात. बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि क्लोबेटासोलसारखे जोरदार स्टेरॉइड, असे एकाच ट्यूबमध्ये मिसळलेले मलम. स्टेरॉइडने खाज व लाली दोन दिवसांत उतरते, गिऱ्हाईक खूश होते, पण त्वचेची स्वतःची लढण्याची ताकद दबते आणि बुरशी आत पसरत राहते. अर्धवट मारलेल्या बुरशीतून जी वाचते ती बदललेली असण्याचा संभव वाढतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी कित्येक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. चिठ्ठी नसताना ट्यूब देऊन जो नफा होतो तो जायज कसा म्हणावा, हे मेडिकलवाल्या बंधूंनी स्वतःला विचारावे. कापडवाल्यांनाही ह्यात सूट नाही. घट्ट जीन्स आणि घाम न शोषणारे पॉलिएस्टर आम्हीही विकतो. ज्याला गजकर्ण झाले आहे त्याने सैल सुती कपडे घालावेत, ते रोज धुऊन कडक उन्हात वाळवावेत, ओले अंगावर चढवू नयेत, असे त्वचेचे डॉक्टर सांगतात. दुकानात तशा गिऱ्हाइकाला सुती माल दाखवायला काही अडचण नाही.

एर्गोस्टेरॉलच्या ह्याच रस्त्यावर व्यापाराचा एक वेगळाच प्रयोग झाला, तो थोडक्यात सांगतो. हिवतापावरचे आर्टेमिसिनिन हे औषध एका चिनी वनस्पतीपासून मिळते. त्यासाठी तू यूयू ह्या विदुषीला २०१५ साली नोबेल मिळाले. अमेरिकेत जे कीसलिंग ह्यांच्या चमूने २००६ साली वनस्पतीची जनुके खमिरात घातली आणि ईआरजी-९ हा टप्पा मंद केला, म्हणजे जो कच्चा माल स्क्वॅलिनकडे जात होता तो औषधाकडे वळवला. पडद्याला लागेल तेवढाच थोडा माल जुन्या रस्त्याने जाऊ दिला. पुढे एका लिटरमागे २५ ग्रॅम आर्टेमिसिनिक आम्ल मिळू लागले आणि २०१३ साली सानोफी कंपनीने इटलीत उत्पादन सुरू केले. विज्ञान उत्तम, यंत्रे उत्तम. पण त्याच सुमारास शेतकऱ्यांनी वनस्पतीची लागवड वाढवलेली होती, बाजारात पीक भरपूर आले आणि शेतातल्या मालाचा भाव कारखान्याच्या भावाच्या खाली गेला. २०१५ साली सानोफीने ह्या मालाचे उत्पादन अजिबात केले नाही, आणि पुढे तो इटलीतील कारखाना हुवेफार्मा ह्या बल्गेरियन कंपनीला विकला.